सात तपकिरी

सासूबाईंच्या बोलण्यात कौतुकाचा शब्द एकच होता, आणि तो म्हणजे 'बरं'. छान, सुंदर, अप्रतिम हे शब्द त्यांच्या मते दुकानदारांचे, माल खपवायचे. घरातल्या कुणी काही केलं आणि ते बिघडलं, की त्या 'असू दे' म्हणायच्या. जरा कमी बिघडलं तर 'चालेल'. आणि काम खरोखर चांगलं झालं, अगदी नाव ठेवायला तिळाएवढी जागा उरली नाही, तर 'बरं झालंय'. चाळीस वर्षांच्या संसारात सासऱ्यांच्या वाट्याला असे तीन 'बरं' आले होते आणि तिन्ही त्यांना दिवस-वेळेसकट पाठ होते. मुलाच्या वाट्याला एकच, तोही त्याने लग्न ठरवलं तेव्हा. तो 'बरं' मुलीसाठी होता, की पोरगा एकदाचा मार्गी लागतोय यासाठी होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ती मुलगी, म्हणजे आपली सूनबाई, घरात येऊन दोन वर्षं झाली तरी तिची पाटी कोरीच होती.

घर गालिचे विणणाऱ्यांचं. खालच्या मजल्यावर माग, मागच्या अंगणात रंगाची पातेली, वर राहायच्या खोल्या. सासूबाई विणायच्या, त्यांच्या हाताखाली दोन बायका. सासरे लोकर रंगवायचे. मुलगा विणून झालेल्या गालिच्यावर कात्री फिरवून तो एकसारखा करायचा, आणि उरलेल्या वेळात आई आणि बायको यांच्या मध्ये न पडण्याचं काम करायचा. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा नाजूक होतं आणि त्यात तो चांगला तयार झाला होता.

सासूबाईंचे गालिचे म्हणजे वेली, फुलं, पक्षी. डाव्या बाजूला एक पोपट असेल तर उजव्या बाजूला एक असणारच. त्यांच्या लेखी हा नियम नव्हता, ती सभ्यता होती. आणि सूनबाई शिकून आली होती ती नव्या धाटणीची. तिच्या कागदावर नुसते चौकोन, पट्टे, रेघा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने भाबडेपणाने म्हटलं होतं की फुलं बागेतच चांगली दिसतात. बोलून गेली बिचारी. सासूबाईंनी तेव्हा ब्र काढला नाही, पण पुढे दोन वर्षं घरात फुलांचा विषय निघाला की त्या सुनेकडे बघून म्हणायच्या, "बागेत जाऊन बघा हं."

तर अशा घरात सूनबाईच्या हाताला पहिलं मोठं काम लागलं, ते काटकोनाचं.

काटकोन हा दोन गल्ल्या पलीकडचा फर्निचरवाला. नाव वेगळंच होतं, पण ते त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागायचा. त्याला वळण म्हणून आवडत नसे. त्याच्या कपाटांना मुठी नव्हत्या, खण उघडायला नुसती एक सरळ खाच. टेबलं चौकोनी, दिवे चौकोनी. खुर्च्या लोखंडी नळीच्या आणि तासून गुळगुळीत केलेल्या फळ्यांच्या, कुठे नक्षीचा टिपका नाही. एकदा त्याने घरातल्या गोल घड्याळाला चौकोनी पेटी करून घातली, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. त्याला ते मनापासून आवडायचं.

या काटकोनाने दुकानाला लागून नवं दालन काढलं होतं. समोर सगळी काच, आत एक अख्खी बैठकीची खोली मांडलेली, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला दिसावं की असं सामान घेतलं तर आपलं घर कसं दिसेल. बुटका सोफा, दोन खुर्च्या, चौकोनी टेबल, उभा दिवा, भिंतीला पुस्तकांची फळी. फक्त जमिनीवर गालिचा हवा होता. काटकोनाने सूनबाईला बोलावलं, चहा दिला आणि एकच अट सांगितली, की एकही वळण नको. गालिचा जमला तर पुढे त्याच्या प्रत्येक खोलीसाठी एक घेणार होता.

सूनबाई घरी उडतच आली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एक विणून बघू. माझ्या मनाला आला तर माग तुझ्या नकाशांना, नाहीतर आपलं आहे ते चालू."

झालं. म्हणजे एका गालिच्यावर सगळं आलं. सूनबाईला काटकोनाची पसंती हवी होती हे खरं, पण खोटं कशाला बोला, तिला त्याहून जास्त हवा होता तो एक शब्द. चाळीस वर्षं मागावर बसलेल्या बाईने आपल्या रेघेला एकदा 'बरं' म्हणावं. काटकोन काय, असे छप्पन्न भेटले असते.

आणि सुरुवातच बिनसली. आधी सासूबाईंनी हातभर नमुना विणून दाखवला. सूनबाईच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात एक काळा चौकोन होता, एकटा, मुद्दाम. नमुन्यात उजव्या कोपऱ्यातही तसाच एक होता. सासूबाई समजूतदारपणे म्हणाल्या की तू घाईत विसरली असशील, मी घातला.

सूनबाईने आठ दिवस जागून तो चौकोन एकटा ठेवला होता. तिचा तोल गेला. ती म्हणाली, हा तर सरळ ध चा मा झाला. एवढ्यावर थांबती तर बरं होतं, पण जीभ एकदा सुटली की लगाम कुठला. "आई, कागदावर जे आहे ते, जसं आहे तसं. एक गाठ कमी नको, एक गाठ जास्त नको."

नवरा दोरा आणायला म्हणून बाहेर गेला आणि दोरा न घेताच परत आला. सासरे रंगाच्या पातेल्यात असे बघत राहिले की जणू त्यात काही पडलंय. सासूबाई फक्त "ठीक आहे" म्हणाल्या आणि नमुना उसवायला बसल्या. सूनबाईला पुढे दोन दिवस घास गोड लागला नाही.

मग तिने मोठा नकाशा काढला. चौकटींचा मोठा कागद, एक चौकट म्हणजे एक गाठ. निळे दोन चौकोन, राखाडी जमीन, कोपऱ्यात तो एकटा काळा, आणि मधोमध उभा पिवळा पट्टा, जरासा डावीकडे सरकलेला. रात्री जेवणाच्या टेबलावर तो सुकायला ठेवला आणि सकाळी लवकर ती काटकोनाकडे गेली, कारण दालनाच्या भिंतींचे रंग, उशांची कापडं, दिव्याची जागा हे सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. पुढचे अडीच महिने हेच. सकाळी ती बाहेर पडायची तेव्हा माग सुरू झालेला नसायचा, संध्याकाळी परत यायची तेव्हा त्यावर नकाशासकट चादर पडलेली. विणलेला भाग खाली गुंडाळला जायचा, त्यामुळे तसंही हातभरच दिसला असता. पण तेवढंही बघायची परवानगी नव्हती. अर्धवट कामात आणि उकळत्या दुधात तोंड घालू नये, असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

दीडेक महिना झाला असेल. संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. सासूबाई वाढत होत्या, आणि वाढता वाढता, सुनेकडे न बघता, डाव खाली ठेवावा इतक्या सहज म्हणाल्या, "ते मधलं बरं जमलंय."

सासऱ्यांचा घास हातात राहिला. नवऱ्याने बापाकडे पाहिलं. सूनबाईच्या कानांवर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. मधलं म्हणजे तिचा पिवळा पट्टा. ज्याच्यासाठी तिने अकरा कागद फाडले होते. वर खोलीत गेल्यावर नवऱ्याने तिला समोर बसवून तीनदा विचारलं की नक्की 'बरं' म्हणाली का, 'बरं' म्हणून थांबली का, की पुढे 'पण' होतं. पुढे 'पण' नव्हतं. मग तो म्हणाला की मला पहिला मिळायला सत्तावीस वर्षं लागली, आणि दोघं पलंगावर बसून वेड्यासारखे हसले. दुसऱ्या दिवशी सूनबाई दालनात भिंत रंगवताना गात होती. काटकोनाने दोनदा येऊन विचारलं की रंगाचा वास डोक्यात गेला का.

गालिचा मागावरून उतरवायचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी दालन उघडणार होतं आणि काटकोन दुपारी गालिचा न्यायला यायचा होता. सासूबाईंनी ताण्याचे धागे कापले, दोन्ही बायकांनी गुंडाळी उचलून अंगणात आणली आणि नवऱ्याने ती पायाने ढकलून उलगडली.

राखाडी जमीन आली. एकटा काळा चौकोन आला, एकटाच. निळा आला, पिवळा पट्टा आला. आणि त्या पट्ट्याला आणि निळ्याला अर्धंअर्धं कापत एक वर्तुळ आलं. तपकिरी. दोन वितींहून मोठं. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पुसट होत गेलेलं, एका जागी तुटलेलं. बाजूला एक थेंब.

नवऱ्याने वर्तुळाकडे पाहिलं आणि मग बायकोकडे पाहिलं. सासूबाई हात मागे बांधून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्या कधी नव्हे त्या थांबल्या होत्या, कुणी काही बोलेल म्हणून.

सूनबाई आत धावली. नकाशा मागाच्या वर टाचणीने लावलेला होता. पिवळ्या पट्ट्यावर, निळ्याच्या कडेला, सासऱ्यांच्या मोठ्या कपाच्या बुडाएवढा चहाचा डाग. टेबलावर रात्री सुकायला ठेवलेला कागद, पहाटे उठून अंधारात चहा करून घेणारे सासरे, बाकी सांगायला काय हवं. आणि सासूबाई? दुधाने तोंड पोळलेली बाई. एक गाठ कमी नको, एक गाठ जास्त नको. जुन्या काळच्या त्या नकलनविसाची गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे, मूळ पोथीत माशी चिकटलेली दिसली म्हणून त्याने एक माशी मारून आपल्या पोथीत त्याच जागी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका. इथे माशी नव्हती एवढंच.

तेवढ्यात सासरे मागून आले, हातात कप. ते खुशीत होते. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली की बाकी सगळे रंग चुटकीसरशी झाले, पण या गोलाने नाकी नऊ आणले. तुझी सासू भिंग घेऊन बसली होती, म्हणाली यात एक तपकिरी नाही, सात आहेत. अक्रोडाच्या साली उकळल्या, झाडाच्या साली उकळल्या, रंग जवळ यायचा आणि निसटायचा. सारखं वाटायचं की हा रंग कुठेतरी पाहिलाय, रोजचा आहे, पण आठवेना. शेवटी एक दिवस वैतागून हातातला चहाच पातेल्यात ओतला आणि काय सांगू, तंतोतंत. सासरे म्हणाले की पोरी, असा अवघड रंग मला आजवर कुणी करायला दिला नव्हता. आणि चहाचा घोट घेतला.

सूनबाईला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबून धरताना तिचा चेहरा असा झाला की सासऱ्यांनी तिला पाणी आणून दिलं.

आता तिला कळलं की 'मधलं' म्हणजे काय. तो 'बरं' तिच्या पट्ट्याला नव्हताच. तो डागाला होता. खरं सांगावं, तर गाठ चुकवली नाही म्हणून नावाजलेल्या बाईने चहाचा डाग विणला हे गल्लीभर होणार, आणि आपल्या वाट्याचा एकुलता एक 'बरं' तोही हातचा जाणार. गप्प बसावं, तर काटकोन वळण बघून गालिचा परत करणार आणि दोष आपल्या माथी. तिने गप्प बसायचं ठरवलं. सासूबाईंची लाज राहावी म्हणून, हे खरंच. पण त्यात थोडा लोभही होता. उसना का होईना, तो शब्द तिला सोडवत नव्हता.

काटकोन आला. त्याने गालिचा पाहिला, खिशातून घडीची फूटपट्टी काढली, ती उघडली, आणि न मोजताच बंद केली. "हे काय आहे?"

"वर्तुळ," सूनबाई म्हणाली.

काटकोन दुखावल्यासारखा बघत राहिला. म्हणाला की वर्तुळ असतं तरी एक वेळ समजलो असतो, हे तर धड वर्तुळही नाही. पण उद्या सकाळी लोक काचेसमोर येणार होते आणि उघडी फरशी दाखवण्यापेक्षा हा बरा. वर चौकोनी टेबल ठेवू, झाकून जाईल, असं म्हणून त्याने गालिचा हातगाडीवर घातला. सासूबाईंनी चप्पल घातली. त्या कधी कुणाच्या दुकानात आपला गालिचा बघायला जात नसत, पण आज कुणाला न विचारता निघाल्या. मग सासरे निघाले, नवरा निघाला, वरात निघाली म्हणा ना.

दालनात गालिचा पसरला आणि काटकोनाने टेबल बरोबर वर्तुळावर आणून ठेवलं. वर्तुळ झाकलं गेलं, पण थेंब बाहेर राहिला. काटकोन दोन पावलं मागे गेला, परत आला, वाकला आणि रुमालाने थेंब पुसायला लागला. नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सासूबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या की तो निघायचा नाही, पक्का आहे.

मग टेबल थेंबावर सरकवलं, तर वर्तुळाची जाड बाजू बाहेर आली. सोफा पुढे घेतला, तर दार उघडेना. खुर्ची ठेवली, तर ती नळीची, तिच्या पायांमधून सगळं दिसतंच. दिव्याचा चौकोनी बुंधा ठेवला, तो भर वाटेत. दोन तास पाच माणसं ती खोली इकडून तिकडे करत होती. सासूबाई थकून एका खुर्चीत बसल्या, आधी काठावर, मग पाठ टेकून, मग डोळे मिटून. काटकोनाने आशेने विचारलं की वहिनी, कशी आहे खुर्ची. सासूबाई म्हणाल्या, "चालेल."

शेवटी काटकोनाने टेबल उचलून भिंतीशी नेलं, आणि घाम पुसत सोफ्यावर बसला. बसला आणि बघतच राहिला. खोलीत सामान कसंही पडलं होतं. दोन खुर्च्या एकमेकींकडे किंचित तिरक्या, उशी खाली घसरलेली, आणि मधे ते उघडं तपकिरी वर्तुळ. दुपारचं ऊन काचेतून आत आलं होतं आणि गालिच्याच्या पिवळ्यावर पडलं होतं. काटकोन उठला, बाहेर रस्त्यावर गेला, काचेतून आत पाहिलं, पलीकडच्या फुटपाथवर जाऊन पाहिलं, आणि परत आला.

"महिनाभर ही खोली मांडतोय," तो म्हणाला. "एक माप चुकलेलं नाही, तरी दुकानच वाटायची. आता बघा, वाटतंय की कुणीतरी इथे बसलं होतं आणि आत्ताच उठून आत गेलंय. परत येणार आहे." मग तो सूनबाईकडे वळला आणि अगदी मनापासून विचारलं, "कसं सुचलं तुला हे?"

नवरा सोडून सगळे सूनबाईकडे बघायला लागले. सासूबाईही. आणि सासूबाईंच्या डोळ्यांत तिला जे दिसलं, ते तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ती बाई सुनेकडे अभिमानाने बघत होती. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं, की सुचलं आपलं. डाग तिचा झाला असता, काम तिचं, माग तिचा, शब्द तिचा. कुणाला कळलं नसतं. नवरा तर भिंतीकडेच बघत होता.

पण तिला ते म्हणवेना. एवढी वाट बघून मिळालेली गोष्ट खोटी निघाली तर ती ठेवायची कुठे?

"मला नाही सुचलं," ती म्हणाली. "तो चहाचा डाग आहे. बाबांच्या कपाचा. मी नकाशा टेबलावर ठेवून गेले आणि सकाळी त्यावर कप ठेवला गेला. मी आईंना म्हणाले होते की कागदावर आहे तसंच विणा, म्हणून त्यांनी तो विणला. चूक माझी आहे. मला घरीच कळलं होतं, पण आई त्याला बरं म्हणाल्या होत्या, आणि मला तो शब्द फार हवा होता, म्हणून मी गप्प बसले."

पहिल्यांदा सासऱ्यांच्या डोक्यात उजेड पडला. पातेलं, अक्रोड, सात तपकिरी, हातातला चहा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते हळूच खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. ज्या रुमालाने थेंब पुसला होता त्याच्याकडे काटकोनाने एकदा पाहिलं आणि तो गुपचूप खिशात घातला.

सासूबाई उठल्या. गालिच्यापाशी गेल्या, गुडघे टेकून बसल्या आणि वर्तुळावरून हात फिरवला, जाड बाजूपासून पुसट बाजूपर्यंत. त्यांचे खांदे हलायला लागले. सूनबाईला वाटलं, रडवलं आपण त्यांना. ती पुढे झाली आणि बघते तर सासूबाई हसत होत्या. आधी आवाज नव्हता, मग आवाज फुटला, मग चष्मा काढावा लागला. "सात," त्यांना एवढंच बोलता येत होतं, "भिंग घेऊन सात मोजले मी." त्यांना हसताना बघून सासरे हसले, मग नवरा, आणि काटकोन तर सोफ्यावर बसला आणि घसरून सरळ गालिच्यावर आला, सगळे काटकोन मोडून. काचेबाहेर दोन माणसं थांबून बघायला लागली की या दुकानात विकतात तरी काय.

सूनबाई एकटीच हसत नव्हती. तिच्या मनात एकच होतं, की गेला तो शब्द.

सासूबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि तिच्याकडे वर बघितलं. "इकडे ये. बस."

सूनबाई त्यांच्या शेजारी गालिच्यावर बसली.

"चाळीस वर्षं या माणसाचे चहाचे डाग बघतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "वर्तमानपत्रावर बघितले, पलंगपोसावर बघितले, माझ्या पोपटांच्या नकाशांवर तर किती बघितले. प्रत्येक वेळी डागच दिसला. लांबून ओळखते मी. तुझ्या कागदावर पडला तेव्हा पहिल्यांदा मला तो चित्र वाटला. अडीच महिने रोज समोर होता, तरी डाग वाटला नाही. आता यात कौतुक डागाचं आहे का, तूच सांग."

सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती खुशाल रडली, सासूच्या खांद्यावर, काचेबाहेरच्या माणसांसमोर, इतकी खूश ती आयुष्यात कधी झाली नव्हती. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग तिच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या, चपला शोधायला लागल्या आणि त्यांनी विचारलं, "पुढचा कागद कधी देतेस? माग रिकामा आहे, आणि रिकामा माग मला बघवत नाही."

पुढच्या कागदावर अजून एक रेघही काढलेली नव्हती. सूनबाईने नाक पुसलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी."